गुळाचा भाव

खंडेनवमीला सारजानं विळे, खुरपी, कुऱ्हाड अशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजली, आणि हात ओले होतेच म्हणून ग्रामपंचायतीच्या रेडिओलाही अंघोळ घातली. नवरा महिपती डाळज गावचा पंच, त्यामुळे रेडिओ त्यांच्याच घरी असे. पारोसं यंत्र पुजायचं कसं, असा तिचा सरळ हिशेब. वरून हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. तेव्हापासून रेडिओची जी दातखीळ बसली ती बसलीच.

एरवी महिपतीनं ते हसण्यावारी नेलं असतं. पण माजघरात त्याचे वडील, सावळारामतात्या, शेवटच्या घटका मोजत होते आणि पलीकडच्या खोलीत गेल्या हंगामाचा सगळा गूळ पडून होता. भाव चढू दे, भाव चढू दे, म्हणत तात्यांनी तो धरून ठेवलेला. पावसाळ्यात ढेपा पाझरल्या, मुंगळ्यांनी तिथं संसार मांडले. महिपतीला गूळ विकायचा होता. पण तात्यांच्या तोंडून 'इक' आल्याशिवाय ढेपेला हात लावायची त्या घरात कुणाची छाती नव्हती, आणि तो शब्द न काढताच म्हातारा गेला तर पुढं विचारायचं कुणाला?

तात्यांचा व्यापाऱ्यांवर विश्वास नव्हता, मुलावर तर त्याहून नव्हता. रेडिओवर भाव ऐकीन तेव्हाच बोलीन, एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले होते. घोटभर पाणी घशाखाली जात नव्हतं, पण जीवही जात नव्हता. सुप्याहून आलेली महिपतीची बहीण शकुबाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. महिपतीला बापाची दया येत होती आणि बापाचा रागही येत होता.

शेवटी इंदापूरहून जयवंता आला. पेट्रोमॅक्सपासून रेडिओपर्यंत सगळं दुरुस्त करणारा हा माणूस काम करताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायचा. त्यानं ओसरीवर रेडिओची पाठ उघडली, आतल्या अक्षता फुंकल्या, आणि दोन तारांना बांधलेला विजेरीचा दिवा एकेका जोडावर टेकवत, वीज कुठवर पोचते ते बघत निघाला.

"हितवर जीव हाय," तो म्हणाला. "हितं बी हाय, पर बारीक. हितनं फुडं... न्हाय. संपलं."

माजघरातल्या बायकांना एवढंच ऐकू आलं. शकुबाईनं हंबरडा फोडला, पाठोपाठ आळी जमली, कुणी तिरडीसाठी बांबू तोडायलाही गेलं. त्या कल्लोळात तात्यांनी डोळे उघडले आणि कोण गेलं म्हणून विचारलं. सारजानं भीत भीत सांगितलं, की रेडिओ. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारपणात ते पहिल्यांदाच रडले.

बांबू दाराशी येऊन पडले, तोवर जयवंतानं गंजलेला जोड खरवडला होता. सारजाच्या चुलीत सळई तापवून, कथलाचा डाग देऊन त्यानं तार पुन्हा चिकटवली. रेडिओ आधी खोकला, मग बोलू लागला. महिपतीनं तो उचलून तात्यांच्या उशाशी नेला. बाजारभाव सुरू झाले. ज्वारी झाली, शेंग झाली, आणि मग गूळ आला. गूळ चढला होता, चांगलाच चढला होता.

तात्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर समाधान पसरलं. महिपती त्यांच्या कानाशी वाकला.

"तात्या, ऐकलं न्हवं? इकू मंग?"

तात्यांनी सगळा जीव गोळा करून ओठ हलवले.

"आजून चढंल," ते म्हणाले, आणि गेले.

महिपती बापाच्या छातीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. शकुबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचेही डोळे वाहत होते.

"रडू नगंस दादा," ती म्हणाली. "लई सुखानं गेलं तात्या. आता तेवढा त्येंचा शेवटचा सबूद मोडू नगंस."