पलीकडचं जेवण

आमच्या कौठाळमध्ये उठावाच्या दिवशी माणूस जेवला की पोट नदीपलीकडच्या बेळकुंदमधल्या माणसाचं भरतं, आणि बेळकुंदचा माणूस जेवला की आमचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हे चालतं, मग ज्याचं पोट त्याला परत मिळतं. बाहेरगावचे पाहुणे यात धरलेले नाहीत. ते जेवतात आणि त्यांचंच भरतं, म्हणून त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांकडे आम्ही जरा रागानंच बघतो.

यात नवल करण्यासारखं काही नाही, कारण उठावच तसा झाला. तेव्हा बेळकुंद संस्थानात होतं आणि कौठाळ नव्हतं. बेळकुंदच्या लोकांनी कचेरीवर झेंडा लावला, संस्थानच्या फौजेनं गावाला वेढा दिला आणि पुलावर बंदुका आल्या. इकडून आमच्या बायकांनी भाकऱ्या थापून घाटावर नेल्या, पण पलीकडे नेणार कशा? भाकऱ्या वाळायला लागल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, टाकण्यापेक्षा खाऊन टाका. सगळे पलीकडे तोंड करून जेवले आणि उपाशीच उठले. थोड्या वेळानं बेळकुंदच्या तटावरून हाळी आली, "पुरे, पुरे! आता बास!"

वेढा उठेपर्यंत कौठाळ दिवसा त्यांच्यासाठी जेवलं आणि रात्री स्वतःसाठी. पुढच्या वर्षी त्याच तारखेला बेळकुंदनं परतफेड म्हणून आमच्यासाठी ताटं मांडली, आम्हीही सवयीनं जेवलो, आणि तेव्हापासून दोन्हीकडून सुरू राहिलं. नंतर राज्यं आखली गेली. पुलाच्या मध्यावर पांढरा पट्टा आला, बेळकुंद त्या राज्यात गेलं आणि आम्ही या राज्यात. पोटांच्या बाबतीत मात्र काही आदेश निघाला नाही.

प्रत्येकाची पलीकडे एक जोड असते. ती कोण, हे कुणाला माहीत नसतं आणि शोधायचं नसतं. पूर्वी लोक शोधायचे, तेव्हा 'तुमच्या मामंजींनी यंदा हात आखडता घेतला' अशा तक्रारी घेऊन माणसं पूल ओलांडायला लागली, म्हणून दोन्ही समित्यांनी ते बंद केलं. माणूस गेला की त्याची जोड त्याच घरातल्या सगळ्यात धाकट्याकडे जाते, तोवर पोरांचं पोट त्यांचंच असतं, एवढं ठाऊक असलं की काम भागतं.

मी कौठाळच्या समितीची चिटणीस, यमुना दंडगे. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीत सगळं गाव येतं, तेव्हा नोटीस तिथं लावायला बरी, एवढ्यासाठी मला चिटणीस केलं. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र पहिल्यांदा मला.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून एक स्मृतिशिळा मंजूर केली. शिळा पुलाच्या मध्यावर, पट्ट्यावर बसायची, आणि तिच्यावरचा मजकूर दोन्ही गावांनी एकमतानं द्यायचा. बैठकही तिथंच भरली. टेबल असं मांडलं की दोन पाय त्यांच्या राज्यात आणि दोन आमच्या. आमच्याकडून अध्यक्ष मल्हारराव बिडवे आणि मी, त्यांच्याकडून त्यांचे अध्यक्ष आणि चिटणीस ईरण्णा कोटगी. ईरण्णांचं माझं बरं होतं. दरवर्षी उठावाच्या दिवसाआधी ते पुलावर येऊन विचारायचे, "बाई, यंदा भाषणं लांबवू नका हं. तुमचे लोक उशिरा जेवले की आमच्यातली म्हातारी माणसं तळमळतात." मी म्हणायची, "मल्हाररावांना आवरणं माझ्या हातात आहे होय?" ते हसायचे.

त्या दिवशी त्यांच्या अध्यक्षांनी मजकूर वाचला, 'बेळकुंदच्या शूर जनतेने येथे क्रांती केली.' मल्हारराव म्हणाले, "आणि कौठाळ?"

"कौठाळचं नाव घालू की. 'कौठाळच्या सहकार्याने.'"

"सहकार्य? अहो, आम्ही जेवलो म्हणून तुम्ही लढलात!"

"जेवणारे कसले क्रांतिकारक?" ते म्हणाले. "गोळ्या आम्ही खाल्ल्या. तुम्ही भाकऱ्या खाल्ल्या."

झालं. मल्हाररावांनी खुर्ची मागं ढकलली ती आमच्या राज्यात पार आत जाऊन पडली. चहा आला होता, तो तसाच राहिला.

आठवड्यानं बेळकुंदचा ठराव आला. मजकूर मान्य होत नाही, सबब बेळकुंद उठावाच्या दिवशी लाक्षणिक उपोषण करणार. आता बघा, उपोषण त्यांनी करायचं, उपाशी आम्ही राहायचं, आणि वर आम्ही जेवून त्यांची पोटं भरायची. मल्हारराव संतापानं लाल झाले. त्यांनी लगेच समिती बोलावली आणि आमचाही ठराव झाला की कौठाळमध्ये त्या दिवशी एकही चूल पेटणार नाही. मी तो स्वच्छ अक्षरात लिहून गिरणीच्या दारावर चिकटवला. मला पटलेला नव्हता. पण मला पटतं की नाही, हे विचारायची पद्धत आमच्या समितीत नाही.

उठावाच्या आदल्या दिवशी मथुराक्का डब्यात ज्वारी घेऊन आल्या. मथुराक्का कोठावळे माझ्या शेजारच्या गल्लीत एकट्या राहतात. वेढ्याच्या वेळी त्या परकरी पोर होत्या, आणि घाटावर पहिल्या दिवशी जेवलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्यात. नोटिशीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बारीक दळ गं. उद्याचं आहे."

"अक्का, उद्या जेवायचं नाही. ठराव झालाय."

"कुणाचा?"

"समितीचा."

"समिती कधी जन्मली? मी त्याच्या आधीपासून जेवतेय." त्यांनी डबा माझ्यासमोर सरकवला. "माझा माणूस आहे तिकडं. त्याला उपाशी ठेवू व्हय?"

'माझा माणूस' म्हणजे त्यांची जोड. अक्का नेहमी असंच म्हणायच्या, आणि त्यांचे यजमान हयात असताना यावरून घरात थट्टाही चालायची. नाव ठाऊक नाही, तोंड बघितलेलं नाही. पण पोटातून माणूस जेवढा कळतो तेवढा त्यांना तो कळला होता. दुपार कलल्यावर जेवतो. पहिले चार घास घाईघाईनं खातो. मग मधेच थांबतो, बराच वेळ काही येत नाही. आणि मग परत येऊन सावकाश, पोटभर जेवतो.

"मधे कुठं उठून जातो, देव जाणे," अक्का म्हणायच्या. "ताटावरून उठायची कसली ही सवय! भेटला असता तर रागावलेच असते."

"पण अक्का, तिकडंही उपोषण आहे. तुम्ही त्यांच्यासाठी जेवाल, आणि ते जेवणार नाहीत. तुम्हीच उपाशी राहाल."

"तो जेवंल," त्या म्हणाल्या. "तू दळ."

मी दळून दिलं. चिटणीस होते तरी गिरणी माझी होती. दळणाचे पैसे मात्र घेतले नाहीत, ते घेतले असते तर व्यवहाराची नोंद झाली असती.

उठावाच्या दिवशी गाव भुकेनं गप्प होतं. चौकात मल्हाररावांचं भाषण झालं, पण टाळ्या वाजवायला कुणाच्या हातात जोर नव्हता. मीही पाण्यावर होते. उन्हं चढल्यावर अक्कांकडे गेले, म्हटलं म्हातारं माणूस, चक्कर येऊन पडायच्या. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. शेजारी ताट वाढून ठेवलेलं, भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि त्याला हात लावलेला नव्हता.

"जेवला नाहीत?"

त्यांनी हातानं मला गप्प केलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आलं. परत आलं."

"काय आलं?"

"घोटभर. सकाळी दोनदा आलं, आता हे तिसऱ्यांदा. घोट घोट येतं आणि थांबतं." त्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, म्हातारा आजारी असेल, कुणी चमच्यानं काहीतरी पाजत असेल. तसं मी म्हणालेही.

"नाही गं," अक्का म्हणाल्या. "पाच लेकरं वाढवलीत मी. हे दूध आहे. अंगावरचं."

तान्ह्या बाळाला उपोषण कोण सांगणार? ते आपलं प्यायलं होतं. आणि जोड घरातल्या सगळ्यात धाकट्याकडे कधी जाते, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"म्हणजे तो गेला," अक्का म्हणाल्या. "बघ बाई. एवढी वर्षं एकमेकांचं जेवलो, आणि तो गेल्याचं मला दुधावरून कळावं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि रडल्या, अगदी घरचं माणूस गेल्यावर रडतात तशा. "पूल काय लांब होता? चालत गेले असते तर बघून आले असते. आज जाऊ, उद्या जाऊ, आणि वर तुमचा तो नियम."

नियमाच्या कागदावर आधीच्या चिटणिसाच्या सहीखाली माझीच सही होती.

डोळे पुसून त्यांनी आधी ते ताट आत नेलं. भाकरी झाकली आणि मला म्हणाल्या, "जरा चूल पेटव. तांदळाची पेज कर, अगदी पातळ. मीठ नको."

"अक्का, चूल..."

"पेटव म्हणते ना! भाकरी गिळली मी, तर त्या एवढ्याशा पोटाचं काय होईल? आणि काहीच नाही घेतलं, तर ते दिवसभर पीत राहील आणि भुकेनं रडत राहील. त्याचं दूध तर इकडं येतंय."

मी चूल पेटवली. ठरावाविरुद्ध कौठाळमध्ये त्या दिवशी एवढी एकच चूल पेटली आणि ती चिटणिसानं पेटवली. अक्कांनी पेज चमच्याचमच्यानं घेतली. प्रत्येक चमच्यानंतर थांबायच्या, ढेकर काढायला वेळ द्यायच्या. सूर्य मावळेपर्यंत हे चाललं.

दुसऱ्या दिवशी मी पुलावर गेले. ईरण्णा आधीच येऊन पट्ट्याच्या त्या बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, काल आमच्यात एकच पोट भरलं," ते म्हणाले. "कुंबार गल्लीतल्या चेन्नबसप्पांच्या घरचं. नात झालीय, गिरिजा, तीन महिन्यांची. काल सकाळपासून पाजलं की रडायची, पाजलं की रडायची. दुपारनंतर एकदम शांत झाली. तुमच्याकडून कोण जेवलं?"

मी सांगितलं. मग विचारलं, "चेन्नबसप्पा कधी गेले?"

"गेल्याच महिन्यात. फार चांगला माणूस हो. उठावाच्या दिवशी त्यांची एक गंमत होती. चार घास खायचे आणि ताटावरून उठून मागच्या दारी जायचे. तिथून नदी दिसते. तिथं उभे राहून तुमच्या गावाकडं बघायचे आणि मोठ्यानं विचारायचे, 'पोचलं का?' घरची पोरं हसायची. मग परत येऊन निवांत जेवायचे."

हे मी अक्कांना सांगू की नको, या विचारात पूल उतरले. शेवटी सांगितलं.

"एकदा तरी 'पोचलं' म्हणायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षापर्यंत दोन्ही अध्यक्षांचं जमलं. शिळा बसली. मजकूर असा आहे की कुणाचंच नाव नाही, फक्त 'समाईक वारसा' एवढंच कोरलंय, दोन्ही लिप्यांत. उठावाच्या दिवशी दोन्हीकडे मांडव पडले, पंगती बसल्या. आम्ही पलीकडे तोंड करून जेवायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन-चार घासांतच लोक एकमेकांकडे बघायला लागले. पोट भरत होतं. ज्याचं त्याचं, त्याच्याच घासानं. कुणी हात आखडला, कुणी मुद्दाम जास्त खाऊन बघितलं. मल्हाररावांनी तीन वेळा भात घेतला आणि त्यांनाच जड झालं. ईरण्णांचा फोन आला, त्यांच्याकडेही तेच. ज्यांनी ज्यांनी उपोषण पाळलं, त्या सगळ्यांची जोड तुटली होती. समितीनं तशी नोंद घेतली आणि पुढल्या विषयाकडे वळली.

पंगत उठल्यावर मी अक्कांकडे गेले. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. पुढ्यात रिकामी वाटी, तिच्यातला मऊ भात त्यांनी कालवून, साखर घालून खाल्लेला. त्या स्वतः अजून उपाशी होत्या, चेहऱ्यावरून दिसत होतं. गावात तेवढ्या एकट्याच.

"काही आलं का?"

"थांब." त्या नदीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "आलं गं! आज दूध नाही. काहीतरी चावून खाल्लंय. दात आलेत तिला." त्या उठल्या, काठी टेकत दारापुढच्या ओट्यावर गेल्या आणि पलीकडच्या गावाकडे तोंड करून, होता तेवढा जोर लावून ओरडल्या, "पोचलं!"

मग परत येऊन बसल्या आणि पोटावर हात ठेवून पुढच्या घासाची वाट बघू लागल्या.

मी घरी आले. दुपारी पंगतीत जेवले होते, पोट गच्च भरलं होतं. माझंच जेवण होतं ते.