साहेबरावकाकांचा केसपेपर

आमच्या कॉलनीत कुणाची गाडी बिघडली की साहेबरावकाका बॉनेट उघडत नाहीत, आधी केसपेपर काढतात. जन्मभर ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाले, पण पेशंट सुटले नाहीत. आता ते चार चाकांवर येतात, एवढंच. काकांची स्वतःची गाडी नाही. चालवताही येत नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीबद्दल त्यांना कधी शंका नसते.

मे महिन्यात माझ्या गाडीनं एकदम दोन दुखणी काढली. एसी लावला की घरघर मोठी आणि हवा मात्र चहावर फुंकर घालावी तेवढी. त्यात स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण झपाटल्यासारखं वागायला लागलं. हात न लावता आवाज वाढायचा. सिग्नलला उभा होतो, तर गाडीतनं लावणी अशी कडाडली की शेजारच्या रिक्षावाल्यानं 'वन्स मोअर' दिला. मी हेडमास्तरच्या चेहऱ्यानं समोर बघत राहिलो.

आणि रविवारी पुण्याचे पाव्हणे येणार होते, माझ्या लेकीला, आरतीला बघायला. 'वेरूळ दाखवतो, आपली एसी गाडी आहे ना!' अशी फुशारकी मीच मारून बसलो होतो. बेचाळीस डिग्रीत पाव्हणे शिजले असते तर सोयरीक रस्त्यातच वितळली असती. काकांना शरण गेलो.

"तक्रार?"

"एसी गार होत नाही."

"कवापासून?"

"कालपासून."

"पेशंट कालपासून म्हणला की महिना धरायचा." त्यांनी 'एक महिना' लिहिलं. "खाण्यापिण्यात काय आलंय?"

"काका, गाडी आहे ती."

"दिसतंय मला. वरून काय काय घातलंय, ते सांगा."

मग माझं बिंग बाहेर आलं. दसऱ्याला मी गाडीची साग्रसंगीत पूजा केली होती. अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं सढळ हातानं. निम्मं काचेखालच्या जाळीत गेलं. स्टिअरिंगला हळदीकुंकू वाहिलं आणि वर चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळलं. काकांनी पेन खाली ठेवलं.

"प्रकाशराव, ही गाडी हाय का बाळंतीण?"

डाव्या सीटपुढचा कप्पा उतरवून त्यांनी मागचा फिल्टर ओढला. पाकळ्यांचा भुगा, तांदूळ, आणि तांदळाच्या वासानं आलेल्या उंदरानं बांधलेलं गुबगुबीत घर.

"लोकाला एसी फ्लॅट मिळंना, तुम्ही उंदराला दिला!"

फिल्टर झटकून परत लावू या का, असं विचारायची मला दुर्बुद्धी झाली.

"वापरलेली सुई परत टोचून घेता का?"

मी गुमान नवा फिल्टर आणायला गेलो.

बटणाच्या फटीत कुंकू तेलात कालवून घट्ट बसलं होतं, म्हणून बटण दाबलेलंच राहत होतं. इंजेक्शनआधी दंड पुसावा तसा काकांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. "दुखणार नाय," असंही म्हणाले. मला नव्हे, स्टिअरिंगला.

नवा फिल्टर बसला. काकांनी लसीच्या पेटीतला जुना थर्मामीटर एसीच्या झरोक्यात खोचला आणि आम्ही काचा बंद करून बसलो. काटा आठावर आला.

"पोलिओचा डोस ठेवला तरी टिकंल." मग पेन उघडून म्हणाले, "शेवटचा प्रश्न. पोरीला पोरगा पसंत हाय का?"

मी हसलो. "हे केसपेपरवर कुठं येतं?"

"इचारलं का तिला?"

"त्यात काय विचारायचं? मुलगा इंजिनिअर आहे, घर चांगलं…"

काका थर्मामीटरकडं बघत बोलले. "मीबी नव्हतं इचारलं. सहा वर्षं झाली. माझी सुमन कन्नडला नांदती, हितनं दीड तासावर. फोन केला की 'बरं हाय' म्हणती. दुसरं काहीच नाय. बरं हाय म्हणणारा पेशंट लई अवघड असतो, प्रकाशराव."

मी एसी बंद केला आणि गाडीतनं उतरलो.

वर जाऊन आरतीला विचारलं. ती रडली नाही, चिडली नाही. विचारायची वाट बघत असल्यासारखी 'नको' म्हणाली. पुण्याला फोन लावून मी हवापाण्यावरच बोलत राहिलो; शेवटी बायकोनं फोन हिसकावला आणि दोन वाक्यांत विषय संपवला.

रविवारी तरीही वेरूळला गेलो. मागं बायको आणि आरती. पुढं काका, मला क्लच कसा सोडावा हे शिकवत. लेण्यांपाशी उतरल्याबरोबर आम्ही नवराबायको सावलीकडं पळालो. काका आरतीजवळ थांबले.

"भूक लागली का गं बाई तुला?"

ती विचारात पडली. आणि काका त्या रणरणत्या उन्हात तसेच उभे राहिले, ती काय म्हणते ते ऐकायला.