सुकेपर्यंत लांब

“तू निर्धास्त जा, आज घरात काहीही घडणार नाही,” असं आईला छातीठोकपणे सांगून तिला कामावर धाडलं आणि मी आंघोळीला गेले.

बाबा पडदे शिवायचे. एका आजारपणानंतर त्यांच्या शरीरात पुरुषांचं हार्मोन पुरेसं बनेना, म्हणून रोज सकाळी खांद्यांना हार्मोनचं जेल चोळायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुकेपर्यंत ते कुणाला, विशेषतः बायकांना, लागू द्यायचं नाही. शिवाय या उपचाराने चांगलं कोलेस्टेरॉल थोडं उतरू शकतं, तेव्हा रक्त तपासत राहायचं. बाबांनी दोन्हींचा धसका घेतला. चालण्याने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं हे कळल्यापासून तर जेल सुकेपर्यंत ते उघड्या अंगाने, हात पसरून, बुजगावण्यासारखे घरभर फिरत.

त्या दिवशी रिपोर्ट यायचा होता. बेल वाजली तसे बाबा हात न धुताच बाहेर धावले. हात चिकट आहेत म्हटल्यावर लॅबच्या माणसाने लिफाफा त्यांच्या पायजम्याच्या नाडीत खोचला आणि तो गेला. मागे दार धाडकन लागलं.

शेजारच्या काकू त्यांच्यासाठी शाल घेऊन आल्या. बाबा भिंतीला टेकले. “लांब राहा वहिनी, लागेल तुम्हाला!”

काय लागेल, असं काकूंनी विचारलं. बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काकू शालीसकट आत गेल्या आणि पाठोपाठ मजल्यावरच्या सगळ्या कड्या लागल्या.

मी दार उघडलं तेव्हा ते कपाळाने बेल दाबत होते.

“आधी चांगलं वाच.”

चांगलं किंचित उतरलं होतं. वाईटही उतरलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, ठीक आहे, चालू ठेवा. बाबा हात पसरून माझ्याकडे आले. मीही पुढे झाले. मग तेच थबकले.

“थांब. सुकू दे.”

त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. मला उशीर होत होता, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी चौकात एका गाडीने त्यांना उडवलं, ते जागीच गेले. भेटायला येणारा जो तो विचारतो, कोलेस्टेरॉल का? कोलेस्टेरॉल उत्तम होतं हो.

काकूही आल्या. दारातच घुटमळल्या. “आता काही लागत नाही ना?”

मला हसू फुटलं, ते आवरेना.

तेव्हापासून मला बसवत नाही. त्यांच्यासारखीच खिडकीपासून शिलाई मशीनपर्यंत फिरत असते. काल मशीनपाशी थांबले आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले,

“बाबा, लागलं तर लागू द्या. जवळ घ्या मला.”