परबकाकांचा लेट मार्क

आमच्याकडे सकाळी साडेसातला कोणी आलं, तर तो दूधवाला असतो किंवा शेजारचे परबकाका. दूधवाला बेल दाबतो. काका तीनदा टकटक करतात आणि दार उघडताच थेट विचारतात, “किती दिवस उरले?”

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकून माझ्या आईचा चेहराच पडला होता. काका माझ्या गाडीच्या विम्याबद्दल विचारत होते, हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला.

विक्रोळीच्या एका कारखान्यात काकांनी उभी हयात टाइम ऑफिसात काढली. कामगारांची हजेरीची कार्डं तपासायची आणि उशिरा येणाऱ्याला लेट मार्क लावायचा, हे त्यांचं काम. काका निवृत्त झाले, लेट मार्क अजून नोकरीत आहे. सोसायटीतल्या कुठल्या गाडीची पॉलिसी कधी संपते, हे सगळं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेलं असतं.

मी तेवीस वर्षांची, लायसन्स कोरं करकरीत, गाडी सेकंडहँड. काकांच्या लेखी मी प्रोबेशनवर होते.

“तीस दिवस आधी चौकशी,” ते बोटांवर मोजून सांगत. “पंधरा दिवस आधी चार ठिकाणचे भाव. आठ दिवस आधी पंच. समजलं गो?”

पंच म्हणजे पैसे भरून पॉलिसी हातात घेणं.

“आणि शेवटच्या दिवशी केलं तर?”

“शेवटच्या दिवशी सर्व्हर झोपतो. एक दिवस जरी वर गेला ना, की इन्स्पेक्शन मागे लागतं. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.”

“मग दोन महिने आधीच करून टाकते ना!”

“आणि गेटवर उभी राहतेस काय? इतक्या लवकर विमा कंपनी दार उघडत नाही.”

एकदा रिव्हर्स घेताना मी गाडी पार्किंगच्या खांबाला घासली. क्लेम करायला मोबाइल काढते तोच काका हजर. “एवढ्याशा ओरखड्याला क्लेम? नो क्लेम बोनस जाईल, पुढच्या हप्त्यातली सूट. हा विम्याचा विषय नाही, लाजेचा आहे. खिशातून कर!” मग स्वतः गॅरेजमध्ये येऊन त्यांनी अशी घासाघीस केली, की गॅरेजवाल्याने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

गंमत म्हणजे काकांची स्वतःची गाडी कायम खाकी कव्हराखाली. काकू आम्ही इथे येण्याआधीच गेल्या. मुलगी पुण्याला. ती फोनवर “बाबा, गाडी विकून टाका” म्हणते आणि काका “बघू” म्हणतात, हे आख्ख्या मजल्याला ऐकू येतं. दर रविवारी ते मेकॅनिकला बोलावून इंजिन सुरू करून घेतात. मला वाटायचं, पेट्रोल वाचवतोय म्हातारा.

माझ्या रिन्यूअलचे दिवस आले. तिसाव्या दिवशी टकटक. पंधराव्या दिवशी टकटक. मी वैतागले. आठव्या दिवशी सव्वासातलाच पैसे भरले, प्रिंट काढली आणि टकटक व्हायच्या आत दार उघडून उभी राहिले.

काकांनी चष्मा लावला. माझं नाव, इंजिन नंबर, तारीख, सगळं वाचलं. “बोनस शाबूत,” ते म्हणाले. “लेट मार्क नाही. वर्षभरात एकही नाही.”

मग जायचं सोडून ते तिथेच घुटमळले. खिशातून एक किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

“माझ्या गाडीचीपण पॉलिसी चालू आहे हां. पीयूसीसुद्धा.”

“मग चालवत का नाही काका?”

“मला कुठे येते?”

मी हसले. काका हसले नाहीत.

“आमची ही चालवायची. छपन्नाव्या वर्षी शिकली. मी बाजूला कागदांची फाइल घेऊन बसायचो.” ते किल्लीकडे बघत बोलत होते. “रविवारी गिऱ्हाईक येतंय. त्याआधी एकदा बसावं म्हटलं. मेकॅनिकबरोबर एकदा गेलो, तर त्याच्या वेगाने डोळे मिटून बसावं लागलं. म्हणून वर्षभर तुला पारखत होतो.”

वर्षभराच्या माझ्या चिडचिडीची मला फार लाज वाटली. ऑफिसची बॅग तशीच ठेवून मी किल्ली घेतली.

काका फाइल मांडीवर घेऊन बाजूला बसले. गेटबाहेर वळताना हळूच म्हणाले, “इथे ती दुसऱ्या गिअरवर टाकायची.” मी दुसऱ्यावर टाकली. हायवेला लागलो तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि मुलुंड येईपर्यंत ते बाहेरच बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण माझेच डोळे भरून येत होते आणि चालवताना ते बरं नव्हे.

परत सोसायटीच्या गेटपाशी आलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

“काका, आज ऑफिसात मला लेट मार्क लागणार.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, “लागू दे गो. अजून एक फेरी मार.”