तोंड दाखवणारी जीप

गाडी सुरू करायच्या आधी लोक काय करतात? किल्ली फिरवतात. फार तर डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडतात. आमचे झुलाल जिभाऊ तोंडाला पावडर लावतात.

थट्टा नाही. जीपमध्ये बसायचं, कप्प्यातून पावडरचा डबा काढायचा, कपाळ, नाक, गाल, हनुवटी सगळीकडे थापायची, केसांवर कंगवा फिरवायचा आणि मग टपाला लावलेला एक छोटा दिवा पेटवून स्वतःच्याच तोंडावर वळवायचा. एवढा साज झाला की मग स्टिअरिंगला हात. शेतात खताच्या गोण्या पोचवायच्या असल्या तरी हेच. आमच्या रनाळ्याच्या चौकात टपरीवर बसलेली रिकामटेकडी मंडळी ओरडतात, "जिभाऊ, पोरगी देखाले चालनात का?" जिभाऊ ढुंकूनही बघत नाहीत. "फिट शे भो!" एवढं म्हणतात आणि गिअर टाकतात.

जिभाऊ माझे नात्याने कोणी नाहीत. आमच्याकडे थोरल्या माणसाला मानाने जिभाऊ म्हणायची रीत आहे. त्यांचं घर माझ्या पिठाच्या गिरणीसमोर. गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही, तेव्हा मी हे सगळं जरा मोठ्याने सांगतोय असं समजा. आणि मोठ्याने सांगण्यासारखंच आहे ते. अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात असली दुसरी जीप असेल तर आणून दाखवा, मी वर्षभर फुकट दळून देईन!

जिभाऊ कापसाचे शेतकरी, पण हात मेकॅनिकचे. घरात घडवता येण्यासारखी वस्तू बाजारातून आणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांच्या गोठ्यातला पंखा म्हैस उभी राहिली की चालू होतो आणि बसली की बंद होतो. म्हशीला ते इतकं आवडलं की ती बसेचना. दूध आटलं, बायकोने बोलणी ऐकवली, तरी जिभाऊंचं एकच, "मशीन फिट शे. म्हैसनी डोकं लावाले पाहिजे."

मग एका सकाळी जिभाऊंनी मिशी काढली. भरघोस, पांढरीशुभ्र, शेतातल्या बोंडासारखी मिशी! दोन म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावून दारात आल्या, कोण गेलं म्हणून विचारायला. पाठोपाठ पावडर आली, दिवा आला. जीपमध्ये डॅशबोर्डवर एक कॅमेरा बसला. लोकांच्या गाड्यांना कॅमेरा मागे असतो, गाडी मागे घेताना बघायला. जिभाऊंचा कॅमेरा पुढे, आणि तो बघतो कुणाकडे? तर थेट जिभाऊंच्या तोंडाकडे. मागच्या सीटसमोर एक टॅब, आणि त्या टॅबवर काय दिसतं? जिभाऊंचं तोंड! गावाने ठरवून टाकलं, म्हातारपणी जिभाऊंना स्वतःच्या थोबाडाचं वेड लागलं.

गावाला काय कळतंय! मला सगळं माहीत होतं, कारण याचं मूळ माझ्या गिरणीत आहे.

कमलवैनी, म्हणजे जिभाऊंची बायको, एके काळी आमच्या गल्लीची तोफ होती. त्यांच्यापुढे बोलण्यात कोणी टिकलं नाही. जिभाऊ एक थाप मारायचे आणि वैनी ती तिथल्या तिथे उलटून टाकायच्या. दोघं जीपमधून बाजाराला निघाली की चौकापर्यंत भांडण ऐकू यायचं. मग एका तापात वैनींचे कान गेले. हळूहळू नव्हे, चांगलेच गेले. कानाचं यंत्र आणलं. पण त्यात भांडी, कुत्री, ट्रॅक्टर, माणसं सगळी एकदमच ओरडायला लागली. वैनींनी ते काढून ठेवलं ते ठेवलंच.

त्या ओठ बघून समजून घ्यायला शिकल्या. पण त्यांना खरं दुखलं ते वेगळंच. लग्नाकार्यात बायका कशावर तरी खदखदून हसायच्या, वैनी विचारायच्या, "काय म्हने?" आणि समोरची हात उडवायची, "काही नही, जाऊ दे." बहिऱ्या माणसाला दिवसातून शंभरदा हे ऐकावं लागतं, आणि नेमकं हेच त्याला ऐकू येतं! वैनींनी विचारणं सोडलं. मग बोलणंही कमी केलं.

एक माणूस मात्र त्यांना कधी "काही नही" म्हणाला नाही. जिभाऊ. रस्त्यात कोणी काय बोललं, म्हैस का हंबरली, सगळं तोंड फिरवून फिरवून सांगायचे. आणि तिथेच घोळ झाला. कोरीटच्या वाटेवर, वैनींचं माहेर तिकडे, समोरून येणारा ओळखीचा माणूस काहीतरी बोलून गेला. शेजारी बसलेल्या वैनींनी विचारलं, "काय म्हने तो?" जिभाऊंनी मान वळवली, सांगायला सुरुवात केली, आणि जीप सरळ उसात शिरली.

उसाने झेललं, दोघांना खरचटलंही नाही. पण वैनींनी घरी येऊन गळ्यातल्या माळेवर हात ठेवून शपथ घेतली. "मन्हामुये हाऊ तोंड फिरावस. एक दिन मरी जाई. आते मी गाडीमा बसत नही." आणि बसल्या नाहीत. बाजार बंद, लग्न बंद, आणि आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, माहेरही बंद. आमच्या खान्देशात आखाजीला माहेरी न जाणारी बाई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सासुरवाशीण साठीची असली तरी त्या दिवशी माहेरच्या झोक्यावर बसते. वैनी दोन आखाजा घरात बसून होत्या.

एकदा गिरणी बंद करताना जिभाऊ पोत्यावर येऊन टेकले. नेहमीची "डोकं लाव भो" वगैरे काही नाही. म्हणाले, "घरमा मी एकलाच बोलस रे. पहिले ती दर गोष्टले आडवी जाये. आते मी काही बी सांगू, नुसती मान हालावस. भांडत बी नही भो." पट्टा सैल झालाय का बघायला मी उगाच मशीनमागे गेलो.

पण देव डोळे उघडे ठेवतो. पुढच्याच आठवड्यात वैनी कळणा, म्हणजे भाकरीची ज्वारी-उडीद, दळायला आल्या. आता गिरणीचं असं आहे, चालू असली की तिथे सगळेच बहिरे. मी मशीनकडे तोंड करून उभा असतो, गिऱ्हाईक पाठीमागे, म्हणून समोरच्या खांबाला मी न्हाव्याच्या दुकानातला एक जुना आरसा टांगलाय. मी आरशात बघून बोलतो, गिऱ्हाईक आरशात बघून समजतं. मी आरशात विचारलं, जाड का बारीक? वैनी पाठीमागून म्हणाल्या, जाड. मग उडदाच्या भावावर चार वाक्यं झाली. जिभाऊ दारात उभे राहून बघत होते. त्यांनी माझ्या मानेकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, वैनींकडे बघितलं, आणि गिरणी थांबताच ओरडले,

"तुन्ही मान तं फिरनीच नही!"

"कसाले फिरावू? आरसा शे ना जिभाऊ."

जिभाऊ तसेच उलट्या पावली घरी गेले. दळणाचा डबाही उचलला नाही, तो वैनींनी नेला.

पहिला प्रयोग आरशाचाच झाला. न्हाव्याचाच दुसरा आरसा आणून काचेसमोर टांगला, म्हणजे गिरणीतल्यासारखं वैनींनी मागे बसून बघायचं. मागच्या सीटवरून जिभाऊंचं तोंड झकास दिसायचं, फक्त जिभाऊंना रस्ता दिसेना. मग बोललेलं लिहून दाखवणारी सोय टॅबवर लावली. तिला अहिराणी काही कळेना. म्हणून जिभाऊ शुद्ध मराठी बोलायला लागले. गाडी दारात उभीच आहे म्हणून वैनी एकदा मागे बसल्या, त्यांनी वाचलं, "आपण आता उजव्या बाजूस वळणार आहोत," आणि त्या खाली उतरल्या. "हाऊ कोन तहसीलदार बोली ऱ्हायना? मन्हा नवरा आठे नही."

तेव्हा कॅमेरा आला. आणि कॅमेऱ्यापाठोपाठ कॉम्प्युटर. जुन्या लॅपटॉपचं पोट काढून पेढ्याच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात बसवलं, डब्याला हवेसाठी भोकं पाडली आणि डबा सीटखाली सायकलच्या ट्यूबवर ठेवला, धक्के लागू नयेत म्हणून. जीपला स्टार्टर मारला की कॉम्प्युटर गचके खाऊन बंद पडायचा. त्याला फवारणी पंपाची वेगळी बॅटरी दिली. चित्र हवेतून पाठवलं तर ते उशिरा पोचायचं, जिभाऊ बोलून गप्प बसले तरी मागे त्यांचं तोंड हलतच राहायचं. मग पायपुसण्याखालून वायर नेली. टॅबला चौकट शाळेच्या पाटीची. मिशीत ओठ झाकले जातात म्हणून मिशी गेली, दिव्याखाली घामाने तोंड चकाकतं म्हणून पावडर आली. गाणी आहेत, पिक्चर आहेत, नकाशा आहे, पण ते सगळं पाहुण्यांसाठी.

चाचणीला मागे मी. जिभाऊंनी स्वतःच्या शेतातला कापूस माझ्या दोन्ही कानांत कोंबला आणि गावातून जीप फिरवत, तोंड हलवत निघाले. मी टॅबवर बघून मोठ्याने म्हणत होतो, "सरपंच... येडा शे... त्यानी मोटार... बंद पडनी!" सरपंच तेव्हा ओट्यावरच बसले होते. चाचणी फिट!

आता प्रश्न एकच उरला. वैनी बसतील का?

आखाजीच्या सकाळी जिभाऊंनी जीप दारात लावली. पावडर झाली, दिवा झाला. वैनी उंबऱ्यात उभ्या. कोरीटहून भावाचा, हिंमतभाऊंचा, निरोप येऊन गेला होता. "मी तठे जाईसन काय करू? सगळ्या हासतीन आनि मी तोंडं देखत बसू," त्या म्हणाल्या. जिभाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "मान फिरावत नही. फिरावी तं तठेच उतरी जाय." वैनींनी माझ्याकडे बघितलं. "तू पुढे बस. याची मान फिरनी तं एक ठेवी दे कानखाले." असा अधिकार मला आजवर कुणी दिला नव्हता. मी टुणकन पुढे बसलो.

नंदुरबार येईपर्यंत जिभाऊ एकटेच बोलत होते. पपईचं पीक, कुणाचं नवं घर, टोपी उडालेला मोटरसायकलवाला. मागून चकार शब्द नाही. त्यांच्या कपाळावर घाम यायला लागला. "देखी ऱ्हायनी का रे ती?" मला विचारलं. मी मागे बघितलं. वैनी टॅबकडे टक लावून बघत होत्या, हात मांडीवर घट्ट. "देखी ऱ्हायन्यात," मी म्हटलं. जिभाऊंची मान एकदा फुरफुरली. मी हात वर केला. मान जागेवर आली.

नंदुरबार सुटलं, कोरीटची वाट लागली. बोलायचे विषय संपले तसे जिभाऊ स्वतःच्या लग्नावर आले, आणि सांगायला लागले मला. "मी नवरदेव, डोकाले बाशिंग. कोरीटनी शिववर आमनी जीप बंद पडनी. ड्रायव्हर टकमका देखे. मी म्हनं, सरक बाजूले! बाशिंग बांधेल तसाच बोनेटमा घुसनू, एक वायर जोडी, आनि फर्र!"

"खोटं!"

जीपच्या टपावर दगड पडावा तसा आवाज आला. पण शाबास जिभाऊंची, मान हलली नाही.

"काही बी सांगस! मन्हा हिंमतभाऊनी जोडी व्हती वायर. तू मांडवमा उना तव्हय तुन्हा हातवर हळद तशीच व्हती. ऑइलनं काळं कोठे व्हतं?"

"हात धुई टाकात मी!" जिभाऊ कॅमेऱ्यात बघून ओरडले.

"कोठे धुयात? शिववर पानी शे का? आठे मी जन्मनी का तू?"

वैनींना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो पूर्वीपेक्षाही मोठा होता. माझी गिरणी झक मारेल असा. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि मी शपथेवर सांगतो, इतका अभिमान मला माझ्या पोराच्या लग्नातही वाटला नव्हता. जिभाऊ भांडत होते आणि हसत होते, आणि गाल पुसत होते, आणि पुन्हा भांडत होते.

कोरीटला हिंमतभाऊंच्या दारात जीप थांबली. अंगणात निंबाला झोका बांधलेला, पोरीबायका धावत आल्या. हिंमतभाऊंनी पुढे होऊन मागचं दार उघडलं. वैनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "थांब ना रे भाऊ, याले जवाब देवू दे पहिले!" म्हणाल्या आणि दार आतून ओढून घेतलं.

मी खाली उतरलो. हिंमतभाऊ तसेच उभे. डोळे भरलेले. "किती वरीस जयात," ते मला म्हणाले, "इतली बोलनी नही व्हती मन्ही बहीण."

मी हळूच विचारलं, "हिंमतभाऊ, खरं सांगा, ती जीप दुरुस्त केली कोणी?"

"कोनीच नही. बैल जुपीसन वढी आनी व्हती."

"मग सांगा ना त्यांना."

"कसाले?" हिंमतभाऊ म्हणाले. "भांडू दे."

आत जिभाऊंनी इंजिन बंद केलं होतं. आता मान वळवायला काही हरकत नव्हती. पण ते समोर कॅमेऱ्यातच बघून बोलत होते, आणि वैनी टॅबपुढे बोट नाचवत त्यांना उलटं बोलत होत्या. हिंमतभाऊंनी पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या सुनेला हाताने थांबवलं. मग आम्ही सगळेच उन्हात उभे राहिलो, त्यांचं संपेपर्यंत.