एका माणसाला एकच काम

एका रविवारी तानाजी दीड तास बंद दारासमोर उभा राहिला, कारण सुलभावहिनी पेडण्याला लग्नाला गेल्या होत्या. दार कागदावर पेन्सिलीनं काढलेलं होतं. तरीही वामनबाबांनी त्याला आत जाऊ दिलं नाही.

वामनबाब गोव्यातल्या आमोण्याचे आमचे शेजारी. सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्याचे कारकून होते. खाण बंद पडली आणि घरी बसले. पुण्याच्या भाचीनं त्यांना एक खेळ आणून दिला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. नियमांचं पुस्तक इंग्रजी. माझे बाबा ट्रक चालवायचे; घरातली पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि कॉलेजचा फॉर्म भरायला माझ्याबरोबर आले होते ते वामनबाब. पुस्तक मराठीत आणायचं काम मी आनंदानं केलं.

त्यात नसलेला एक नियम मात्र त्यांनी स्वतः पहिल्या पानावर लिहिला : एका माणसाला एकच काम. मी वैद्य. शेजारच्या सुलभावहिनी कुलपं उघडणार. कारखान्यात फिटर असलेला कोल्हापूरचा तानाजी लढणार.

“अवो बाब, लाथ घालतो की दाराला,” तानाजी त्या दिवशी म्हणाला.

“तें तुझें काम न्हय.”

एकदा गोष्टीतल्या तानाजीच्या बोटाला वहिनींनी चिंधी बांधली. वामनबाबांनी ती सोडायला लावली. मी आत चहा गाळत होते. गाळणं खाली ठेवून बाहेर आले, चिंधी बांधली, मग परत चहाकडे गेले.

शेवटी मी वहीत एक तक्ता केला. प्रत्येक कामाला दोन माणसं, म्हणजे एक नसला तरी टोळी अडत नाही. मूळ पुस्तकाचाही सल्ला तोच होता. वामनबाबांनी तक्ता नीट वाचला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि वही परत दिली.

मग मला पेडण्याच्या शाळेत नोकरी लागली. राहायचंही तिकडेच, त्यामुळे काही महिने रविवारी येणं जमणार नव्हतं. वैद्याशिवाय टोळी दोन लढायांत संपली असती. निघण्याआधी मी वामनबाबांना म्हटलं, माझं औषधपाणी तानाजीला शिकवा, तो करील दोन्ही.

वामनबाबांनी फासे हातात खुळखुळवले.

“बाय, काट्यावर आम्ही तिघे होतो,” ते म्हणाले. “तिघांनाही सगळं यायचं. एकदा मी तापानं बारा दिवस घरी होतो. परत गेलो तर साहेब विचारतात, काल दिसला नाहीत?”

वहिनी चहाचे कप गोळा करून आत गेल्या.

वामनबाबांनी नियमांचा कागद पुढे ओढला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. मग तो माझ्याकडे फिरवला : ‘वैद्य झाडपाला आणायला तेरेखोल नदीपलीकडे गेली आहे. ती परत येईपर्यंत टोळीत कुणालाही जखम होणार नाही.’

तानाजीनं माझ्या खांद्यावरून ते वाचलं.

“मग लढण्यात काय राम राहिला, बाब?”

“राव रे थोडे,” वामनबाब थांबायची खूण करत म्हणाले. “येतली ती.”