बावीसचा पाढा

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी एक वाजता, पिपरी मेघेतल्या माझ्या घराच्या स्लॅबवर तिघे हजर होतो: मी, बायको आणि शेजारचे शामराव. घर थंड करायला ठरलेला खर्च नऊशे रुपये. पाय पोळेपर्यंत कितीपर्यंत जाता येतं ते मोजायला शामराव अनवाणी उभे राहून बावीसचा पाढा म्हणत होते.

"बावीस त्रिक सहासष्ट!" म्हणाले आणि उडी मारून टाकीच्या सावलीत गेले. "तुमची स्लॅब तिकात हाय जी. खाली मानसं शिजून राह्यले."

"भाऊजी, पायाचं मलम नऊशेतच धरायचं ना?" बायकोनं विचारलं.

शामराव कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. कुणाचंही जुनं घर दिसलं की भिंतीला तळहात लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "याचं चिखलदरा करून देतो." चुना, पांढरं सिमेंट आणि डिंक कालवून स्लॅबवर तीन हात, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूच्या तट्ट्या. बस. पाढ्याचं मोजमाप मला पटत नाही. चटका वाढला की म्हणण्याचा वेगही वाढतो. मी भिंतीवर तापमापक टांगला. चुन्याआधी दुपारी तीनला एकोणचाळीस होते, नंतर तशाच उन्हात पस्तीस. शामराव आठापर्यंत पोचले. कूलर आता दुपारभर लावावा लागत नाही.

मजुरी मात्र घेईनात. मी पाकीट पुढं केलं की हात मागं. चौथ्यांदा म्हणाले, "द्याचंच असन तं तुमचं ते यंत्र घेऊन माह्या घरी या. अन् सूनबाईले फोन लावा."

त्यांची सून पुण्याला. दोन उन्हाळ्यांपूर्वी नात सई आली, अंगभर घामोळ्या उठल्या, तिसऱ्या दिवशी परत गेली. तेव्हापासून शामरावांनी आधी स्वतःचं घर चुन्यानं पांढरं केलं, मग गल्लीतली.

मी तापमापक घेऊन त्यांच्या घरी गेलो. वरच्या खोलीत वाळ्याचा पडदा, छोटी खाट, नवी चादर. स्वतः ते खाली ओसरीत निजतात. "खोली मानसाच्या श्वासानं तापते" म्हणे. तापमापक अर्धा तास टांगला. छत्तीस.

फोन लावला. "काका, बाबा तर म्हणतात घराचं चिखलदरा झालंय," सून हसली. "मागच्या वर्षीही म्हणाले होते. खरं किती?"

शामराव माझ्या कानाशी लागले. "बत्तीस म्हणा ना जी. पोरीचा सवाल हाय."

"छत्तीस," मी म्हणालो. "बाहेर त्रेचाळीस आहे. पंखा चालू, कूलर बंद."

शामराव खाटेच्या कडेवर बसले. चादरीची सुरकुती काढत राहिले.

त्यांची कुजबुज फोनवर पोचली होती. मग ती म्हणाली, "छत्तीस म्हणजे कूलर लावला की चालेल. तुम्ही बत्तीस म्हणाला असतात तर नसता विश्वास बसला. मेची तिकिटं काढते."

शामराव उठले. चपला दाराशी काढून स्लॅबचा जिना चढले. मी तापमापक उतरवून पुसत होतो, तेव्हा वरून आवाज आला, सावकाश, एकही आकडा न गाळता. बावीस नव्वे एकशे अठ्ठ्याण्णव. बावीस दाहे दोनशे वीस.

शेवटी दिलं ते असं: चुना, सिमेंट, डिंक आणि तट्ट्या मिळून आठशे साठ, दुकानदाराला. शामरावांना एक फोन.